कादंबरीतलं कारवानी कुत्रं कसं उभं करावं

आमच्या घरी, जतच्या माळावर, तीन पिढ्यांपासून कारवानी कुत्री आहेत, नजरेनं शिकार हेरून तिच्यामागे पळणारी आपली देशी जात. मी लिहिलेल्या चारही कादंबऱ्यांत एक ना एक कारवानी आहेच. त्यामुळे नवे लेखक आपली हस्तलिखितं घेऊन माझ्याकडे येतात आणि प्रत्येक वेळी मला तीच गोष्ट दिसते. कुत्र्याचं नाव कारवानी, रंग कारवानी, वागणं मात्र सिनेमातल्या अल्सेशियनचं. दरवाजात चोर आला की भुंकून गाव गोळा करतं, हाक मारली की धावत येतं, मालकाचं मन ओळखतं. इतक्या देखण्या, इतक्या वेगळ्या जनावराला असं दुसऱ्याच्या कातड्यात कोंबलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं. म्हणून हे लिहितो आहे.

तुमच्याकडे गोष्ट आहे आणि असं एखादं कुत्रं तुम्ही जवळून पाहिलं आहे, हे मी धरून चालतो. पाहिलं नसेल तर आधी जत, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात चार दिवस काढा आणि मग हा लेख वाचा.

१. वयाचा हिशेब मांडा

कुत्री त्रेसष्ट दिवसांच्या आसपास विते. पिलांचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. कारवानी बारा-तेरा वर्षं जगलं तर चांगलं जगलं. नायिका शाळेत असताना आणलेलं पिल्लू तिच्या मुलीच्या लग्नात अंगणात बागडताना मी वाचलेलं आहे. गोष्ट वीस वर्षांची असेल तर तुम्हाला निदान दोन कुत्री लागतील.

२. अंग बघून लिहा

खांद्यापाशी उंची सव्वादोन फुटांच्या आसपास, लांब अरुंद डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, मागच्या बरगड्या दिसणाऱ्या. पाहुणा आला की हमखास विचारतो, "उपाशी ठेवता काय याला?" हे वाक्य कादंबरीत घ्या, वर्णनाचा अर्धा परिच्छेद टळतो.

"कान टवकारून उभा राहिला" हे कारवानीबद्दल लिहू नका. त्याचे कान पडलेले असतात. सावध झालं की ते मुळाशी जरा उचलले जातात, बस. अंगावर चरबी नसते, त्यामुळे माघाच्या थंडीत ते चुलीच्या राखेजवळची जागा सोडत नाही. कातडी पातळ, बाभळीचा काटा लागला तरी चिरते. परक्या माणसानं डोक्यावर हात ठेवलेला बहुतेकांना खपत नाही. ते चावत नाही, अंग चोरून बाजूला होतं. पश्मी, म्हणजे याच कुत्र्याचा केसाळ प्रकार, असेल तर कानांवर आणि शेपटीवर लांब केस, एवढंच पुरे.

३. इतिहास कापून टाका

काफिल्यांबरोबर आलेलं कुत्रं म्हणून कारवानी, असं सांगतात. कर्नाटकातल्या मुधोळचे संस्थानिक घोरपडे यांनी ही जात जोपासली, राजे मालोजीरावांनी पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली, २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं, म्हणजे याच कुत्र्याचं, तिकीट काढलं. हे सगळं मला प्रिय आहे आणि यातलं एक अक्षरही तुमच्या धनगर नायकाच्या तोंडी शोभत नाही. त्याला त्याच्या कुत्र्याची आई ठाऊक असते, कुणाच्या वाड्यातून पिल्लू आणलं ते ठाऊक असतं. तेवढी वंशावळ पुरते. गोष्ट खरोखर संस्थानी मुधोळात घडत असेल तर साल तपासून घ्या. त्या भेटीचं साल काही ठिकाणी १९३७ दिलेलं असतं, आणि पंचम जॉर्ज तर १९३६च्या जानेवारीतच वारले होते. शिवाय पात्र तिकडचं, मुधोळ-जमखंडीकडचं असेल तर ते "मुधोळ" म्हणेल. "कारवानी" हा आपल्याकडचा शब्द.

४. नाव

माळावर लांबून हाक मारता येईल असं. सर्ज्या, हरणी, राजा. झालं.

५. कुत्र्याच्या मनात शिरू नका

ही पायरी सगळ्यात अवघड आहे. इथे मी स्वतः अडकलो होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

मला सुरुवातीला सल्ला मिळाला होता, "स्वतःला कुत्र्याच्या जागी ठेवून लिहा." आजही तो सर्रास दिला जातो. तो वाईट सल्ला आहे. त्याच्या नादानं माझ्या दुसऱ्या कादंबरीची दीडशे पानं वाया गेली. त्या पानांतल्या हरणीला भावकीची नियत कळायची, जमिनीचा दावा कळायचा, धाकट्या सुनेचं दुःख तर सगळ्यांआधी कळायचं. ती कुत्री नव्हतीच. चार पायांवर मीच चालत होतो. पानं जाळली नाहीत, अजून ठेवली आहेत, कारण "कळलं" हे क्रियापद किती सहज हात धरतं ते मला त्यांत दिसतं.

मार्ग सापडला तो आमच्या आबांच्या मरणात. आबांचा सर्ज्या त्यांच्या पायापाशी वाढलेला. मातीला अख्खं गाव जमलं होतं आणि सर्ज्याही आला होता. चिता पेटल्यावर पलीकडच्या पडीक रानातून एक ससा उठला. सर्ज्याची मान थांबली आणि पुढच्या क्षणी तो तिथे नव्हता. संध्याकाळी परत आला, रिकाम्या तोंडानं, पुढचा पाय चिरलेला. माझी आत्या त्याच्यावर इतकी चिडली की तिनं त्याला दोन दिवस भाकरी टाकली नाही. माझ्या मनातही तो उतरला होता, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवसापासून मात्र तो रोज साडेचारच्या सुमाराला उठायचा, अंग ताणायचा, फाटकापर्यंत जायचा आणि उभा राहायचा. आबा त्या वेळेला मळ्याकडे निघत. कडूसं पडलं की तो परत येऊन राखेजवळ आडवा व्हायचा. हे पावसाळाभर चाललं. आत्या म्हणायची, दादाला शोधतोय. चुलते म्हणायचे, सवय आहे, भाकरीची वेळ झाली की जनावर उठतंच. दोघांपैकी कोण खरं, हे मला आजही सांगता येत नाही. सशामागे गेलेला सर्ज्या आणि फाटकाशी उभा राहणारा सर्ज्या एकच होता. त्या दोहोंत त्याला काही विसंगत वाटत असेल असं त्याच्या अंगावर कुठेही दिसलं नाही.

तेव्हापासून मी असं लिहितो. आधी कच्चा खर्डा मनाला येईल तसा होऊ देतो. मग लाल पेन घेऊन कुत्र्याच्या नावापुढची चार क्रियापदं शोधून खोडतो: कळलं, वाटलं, आठवलं, ठरवलं. त्यांच्या जागी कुत्र्यानं अंगानं काय केलं ते लिहितो, तेही एकाच खुणेत. शेपूट, कान, डोळे, जीभ सगळं एका वाक्यात हललं की बाहुली होते. आणि मग त्या खुणेचा अर्थ लावायला माणसं आणतो. अर्थ दोघांनी वेगवेगळा लावायचा आणि लेखकानं मध्ये पडायचं नाही.

माझ्या खर्ड्यात हे होतं: "आबा आता परत येणार नाहीत हे हरणीनं ओळखलं होतं. त्यांच्या आठवणीनं व्याकूळ होऊन ती दारात बसून राही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं."

छापून आलं ते असं: "साडेचारला हरणी उठली, फाटकापर्यंत गेली. काकू म्हणाली, 'शोधतीया त्यास्नी.' दाजी म्हणाला, 'भाकरीची येळ झालीया तिची.' कुणीच भाकरी आणली नाही. कडूसं पडल्यावर ती परतली."

या दुसऱ्या उताऱ्यात हरणीचं मन सांगितलेलं नाही, तरी काकूचं मन कळतं, दाजीचंही कळतं, आणि हरणीचं वाचक स्वतः शोधत राहतो. डोळ्यांतलं पाणी मी कायमचं सोडून दिलं. माझ्या कुत्र्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तर मी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेतो.

आता निष्ठेबद्दल, कारण "कुत्रं म्हणजे निष्ठेचं प्रतीक" असं शिकवणारे फार आहेत. आपला वाचक दत्ताच्या पायाशी चार कुत्री बघत वाढलेला आहे. खंडोबाबरोबरचं कुत्रं त्याला माहीत आहे, धर्मराजाच्या मागून शेवटपर्यंत चालत गेलेलं कुत्रंही. निष्ठा तो घरून घेऊन येतो. तुम्ही ती आणखी सांगितलीत तर पानावर काही उरत नाही. तुम्ही द्यायची ती दुसरी गोष्ट: कुत्र्याचं स्वतःचं काम. असं काम, ज्याच्याशी मालकाच्या सुखदुःखाचा संबंध नाही आणि जे कधी कधी त्याच्या आड येतं. कारवानीच्या बाबतीत ते काम निसर्गानंच दिलंय, लांबवर हललेल्या वस्तूमागे धावणं. हे नजरेचं कुत्रं आहे. तुमच्या कथानकातली सर्वांत नाजूक घडी बघा, कुणी कबुली देतंय, कुणी निरोप घेतंय, आणि त्याच वेळी लांब गवत हलू द्या. कुत्र्यावरचं तुमचं प्रेम तिथे कसोटीला लागेल. आपलं आवडतं जनावर वाईट दिसेल म्हणून हात आखडतो. आखडू नका. ज्या कुत्र्यावर तुम्ही फक्त चांगुलपणा लादला, ते वाचकाच्या लक्षातच राहत नाही.

६. धाव

लहान वाक्यं. भुंकणं नाही, कारवानी बहुधा मुक्यानंच पळतं. सुरुवातीची खूण म्हणजे स्थिरता: मान थांबते, तोंड मिटतं. माणसांना काय झालं ते कळायच्या आत कुत्रं गेलेलं असतं, म्हणून माणसांची वाक्यं उशिरा येऊ द्या. पूर्ण वेगात प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात, एकदा अंग ताणलेलं, एकदा आवळलेलं. हे एकदाच लिहा, दर धावेला नाही. आणि हाक मारून ते थांबत नाही. जीव लावणारं कुत्रं हाकेला मागे वळत नाही, या एका गोष्टीवर माझं अख्खं तिसरं पुस्तक उभं आहे.

एक लक्षात ठेवा. गोष्ट आजची असेल तर सशामागे कुत्रं सोडणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. कुत्रं आपोआप सुटलं हे वेगळं आणि माणसानं सोडलं हे वेगळं. पात्राला हा फरक माहीत असणारच, तेव्हा त्याच्या बोलण्यात तो उतरू द्या.

७. मरण

वाचकाला रडवायला कुत्रं मारू नका. मारावंच लागलं तर असं कुत्रं ज्यानं मरतं त्यानंच मरू दे: डांबरी रस्ता, काटेरी तार, साप, म्हातारपण. पुढच्या प्रकरणात त्याच्या मरणानं कुणाचं हृदयपरिवर्तन होता कामा नये.

८. जाणत्याला वाचून दाखवा

समीक्षकाला नंतर. आधी ज्यानं आयुष्यभर ही कुत्री सांभाळली त्याला मोठ्यानं वाचून दाखवा आणि तो बोलेपर्यंत गप्प बसा. मी आमच्या शेजारच्या मेंढपाळ काकांना वाचून दाखवतो. तिसऱ्या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण, दोन दिवसांचा प्रवास, मेंढरं, पाऊस, भांडण, सगळं त्यांनी चंची मांडीवर ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाले, "समदं बरं हाय. पर त्या कुत्रीला दोन दिसांत पाणी कुणी पाजलं?"

मी पानं चाळली. हरणी पहिल्या दिवशी सकाळी गाडीच्या मागे बांधली होती आणि दुसऱ्या दिवशी रात्री सुटली होती. मध्ये कुणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. घरी येऊन मी त्या प्रकरणातल्या थोरल्या सुनेच्या हाती एक जर्मनची वाटी दिली.