पेसाह बुधवारी लागतोय, एरूव विसरू नका

२०२६ चा पेसाह, म्हणजे आपल्या ज्यूंचा इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेचा सण, १ एप्रिलला, बुधवारी संध्याकाळी लागतो. गुरुवार सण, शुक्रवारही सण, आणि शुक्रवारचा दिवस मावळला की लगेच शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा दिवस. २०२३ लाही वार असेच आले होते. त्या वर्षी आमच्या सिनेगॉगच्या सेदेरचं (सणाच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाचं) स्वयंपाकघर माझ्याकडे होतं आणि मी एरूव तव्शिलीन (सणात शब्बाथचं शिजवता यावं म्हणून सणाआधी बाजूला ठेवायचं अन्न) ठेवायला विसरले. शुक्रवारी सकाळी तांदूळ धुतले, कोंबडीला हळद-मीठ-आलं लावलं आणि शेगडीकडे वळले, तेवढ्यात आत्याने विचारलं, "एरूव कुठे ठेवलायस गं?" स्वयंपाकघरात आम्ही चौघी होतो, एकीनेही ठेवला नव्हता. दुपारपुरतं शिजवता आलं, शब्बाथसाठी काही चढवता आलं नाही. शनिवारी पंधरा माणसांनी गार बटाटे आणि मत्सा (बिनखमिराची भाकरी) खाल्ला, त्यांत तिघं ऐंशीच्या पुढची होती. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. ते अजून लागतं.

म्हणून बाकीचं वाचायच्या आधी हे वाचा. सणाच्या दिवशी त्या दिवसापुरतं शिजवायची मुभा असते, दुसऱ्या दिवसासाठी नाही. शब्बाथला तर शिजवायचंच नाही. मग शनिवारचं जेवण शिजवायचं कधी? शुक्रवारीच, पण त्यासाठी शब्बाथची तयारी सण लागण्यापूर्वीच सुरू झालेली असावी लागते. एक मत्सा आणि एक उकडलेलं अंडं बुधवारी सूर्य मावळायच्या आत बाजूला काढायचं, हातात धरून बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणायची, आणि याच्या आधारे सणात शब्बाथसाठी भाजायला, शिजवायला, दिवा लावायला मुभा असो, असं उच्चारायचं. मूळ शब्द अरामी भाषेत आहेत, ती येत नसेल तर मराठीत म्हणा, आपण काय म्हणतोय ते कळायला हवं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता मागे जाऊ. महिनाभर आधी दोनच गोष्टी: मत्साची खोकी आणि मटण. शोहेत, म्हणजे धर्माच्या नियमाने जनावर कापणारे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो. सेदेरच्या ताटातली नळीही तेव्हाच सांगून ठेवा.

घराची साफसफाई, रंगरंगोटी, कल्हई हे सगळं तुम्हाला माहीत आहे. जुनी माणसं तांब्या-पितळेची भांडी कल्हईवाल्याकडून चकचकीत करून घेत. आता कल्हईवाला मिळत नाही म्हणून हळहळत बसू नका, पेसाहची भांडी वेगळी ठेवा. नसतील तर स्टीलची चोवीस तास न वापरता ठेवून उकळत्या पाण्यातून काढा. मातीची भांडी उकळून चालत नाहीत, ती बाजूलाच ठेवा.

पाव, बिस्किटं, रवा, शेवया प्रत्येकाला दिसतात. न दिसणारा हामेस (पेसाहला वर्ज्य असलेले, गव्हासारख्या धान्याचे खमीर धरणारे पदार्थ) आपल्या मराठी स्वयंपाकघरात भलतीकडेच लपतो. हिंग. डबीतला हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मळलेला असतो, आणि आपण तो भाजी-आमटीत रोज घालतो. मेतकुटात गहू असतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतात. तयार मसाल्यात बऱ्याचदा हिंग असतो, म्हणजे पुन्हा गहू. हे सगळे डबे झाकण उघडून, वास घेऊन, बाहेर काढा.

आपल्याकडे पेसाहला भात चालतो, आणि त्यामुळे माणसं बेफिकीर होतात. तांदूळ तीनदा निवडायचे. तिसऱ्यांदा निवडताना एखादा गव्हाचा दाणा हाताला लागतो तेव्हा कळतं की तीनदा का. घावनासाठी, भाकरीसाठी तांदळाचं पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणू नका, त्या जात्यावर तुमच्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात. घरच्या मिक्सरमध्ये काढा, भांडं पेसाहचं हवं.

सरबताचा हिशेब आधी करा. शुक्रवारच्या किद्दुशाला (शब्बाथ लागताना प्याल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला) काळ्या मनुकांचं सरबत आपण करतोच, पण सेदेरला माणशी चार प्याले लागतात. एक प्याला ८६ मिली धरला तर चाळीस माणसांना पावणेचौदा लिटर, आणि ते एका रात्रीचं. मनुका रात्रभर भिजवा, मंद आचेवर चढवा, फुगून फुटल्या की हाताने कुस्करून पातळ कापडातून पिळा. चोथा कोरडा होईपर्यंत पिळा, खरा गोडवा शेवटच्या पिळण्यात येतो. हे दोन्ही रात्रींचं बुधवार दुपारच्या आत संपलं पाहिजे, सण लागल्यावर गाळत बसता येत नाही. खजुराचा शिराही (सेदेरला लागणारा पाक) आधीच करून ठेवा.

हगादांच्या, म्हणजे सेदेरला वाचायच्या सुटकेच्या गोष्टीच्या पुस्तकांच्या, प्रती मोजा. मुंबईत १८४६ साली शिळाछापावर हिब्रू-मराठी हगादा निघाली, पुण्यात १८७४ साली चित्रांसकट निघाली. इतक्या जुन्या काळापासून आपण ही गोष्ट आपल्या भाषेत सांगत आलोय, मग आज मुलांच्या हातात नुसतं हिब्रू का द्यायचं? दोन माणसांत एक तरी मराठी अर्थ असलेली प्रत हवी.

मंगळवारी रात्री हामेसचा शोध. मेणबत्ती घेऊन, मुलांना बरोबर घेऊन. कागदात गुंडाळलेले पावाचे दहा तुकडे लपवता ते कुठे लपवले हे लिहून ठेवा. बुधवारी सकाळी दहाच्या आत खाणं बंद, अकराच्या आत जाळून टाका. पहिल्या जन्मलेल्या मुलग्यांचा उपास त्याच दिवशी.

बुधवार दुपार. सॅलडची पानं मिठाच्या पाण्यात, मग एकेक पान उजेडाकडे धरून किडे बघा. फ्रिजमधला बल्ब काढा, नाहीतर सणात दार उघडलं की तो पेटतो. दोन काचेच्या ग्लासांत पाणी, वर खोबरेल तेल आणि तरंगती वात, हे दिवे बुधवार संध्याकाळपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत तेवत राहिले पाहिजेत. सणात काडी ओढता येत नाही, पेटत्या ज्योतीवरून मात्र ज्योत घेता येते. गॅसही त्याच्यावरूनच लागणार, गुरुवारचे आणि शुक्रवारचे दिवेही. तेल घालत राहा, विझवू नका.

आणि एरूव. मुंबईत सूर्य सातला पाच-सात मिनिटं कमी असताना मावळतो, तुम्ही साडेपाचलाच ठेवून मोकळ्या व्हा. नंतर नवऱ्याला कपडे काढून द्यायचे असतात, सासूबाईंना औषध द्यायचं असतं, आणि ते राहतं. माझं तसंच राहिलं.

ठेवला म्हणजे झालं असंही नाही. शब्बाथचं सगळं शिजेपर्यंत तो शाबूत राहायला हवा. सेदेरला उकडलेली अंडी लागतात, कोणीतरी फ्रिज उघडतं, एक अंडं कमी पडतंय म्हणून तेच उचलतं. म्हणून झाकणाचा वेगळा डबा घ्या, सण लागायच्या आधीच त्यावर मोठ्या अक्षरांत "एरूव, हात लावू नका" असं लिहा आणि वरच्या कप्प्यात मागे सारा. सिनेगॉगमध्ये कोणीतरी सगळ्यांसाठी ठेवला असेल यावर विसंबू नका. आम्ही चौघी एकमेकींवर विसंबलो होतो.

इस्राएलमध्ये अश्दोदला, लोदला बहीण असेल तर तिला या बाबतीत विचारू नका. त्यांच्याकडे सणाचा पहिला दिवस एकच, शुक्रवारी त्या खुशाल शिजवतात. ती मनापासून म्हणेल, "आम्ही नाही ठेवत." तिचं तिथे बरोबर आहे, आपल्याकडे दोन दिवस आहेत.

गुरुवारी शुक्रवारचं किंवा शनिवारचं काही करू नका. रात्री अंधार पडल्यावर दुसरा सेदेर, ओमेरची (पुढच्या एकोणपन्नास दिवसांची) मोजणी सुरू.

शुक्रवारी लवकर लागा, शब्बाथचं शिजवणं ऊन असतानाच संपवा. दिवे सूर्य मावळण्याच्या अठरा मिनिटं आधी, तेवत्या ज्योतीवरून. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, लागणारी दहा माणसं येतील का, हे आधीच्या आठवड्यातच विचारलेलं असावं.

शनिवारी जेवा. एरूवाचं अंडं आणि मत्सा तिसऱ्या जेवणाला खा. पुढचे मधले दिवस सोपे, ८ आणि ९ एप्रिलला पुन्हा सण, तिथे एरूव लागत नाही.

डबा आत्ताच काढून ठेवा, बुधवारी शोधत बसाल.