ऐंशीच्या दशकातले नावडते स्लॅशर: कोणती प्रत घ्यावी, कशी लावावी, काय बघावं

१९७८ साली 'हॅलोवीन' आणि मे १९८०मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला. दोन्ही सिनेमे चिमूटभर पैशांत झाले आणि दोघांनीही गल्ला भरभरून घेतला. मग स्लॅशरची, म्हणजे एकेकाला गाठून मारत सुटणाऱ्या मुखवटेवाल्या खुन्यांच्या सिनेमांची, रांगच लागली. त्यातले दोन-तीन सिनेमे आज लोकांच्या तोंडी आहेत, बाकीचे 'तसलेच काहीतरी' म्हणून बाजूला पडले. या बाजूला पडलेल्यांबद्दल बोलायचं तर एक गोष्ट आधी सांगायला हवी: त्यांच्याबद्दलची कित्येक वाईट मतं मुळात सिनेमाबद्दलची नाहीतच, हाती लागलेल्या प्रतीबद्दलची आहेत. पाच मिनिटं कापलेला, कडा छाटलेला, काळोखात काही न दिसणारा सिनेमा बघून तो टुकार वाटला, तर त्यात सिनेमाचा दोष थोडा आणि प्रतीचा जास्त. म्हणून आधी प्रत, मग टीव्ही, आणि मत सगळ्यात शेवटी.

प्रतीची भानगड अशी. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या रक्तपातावरून १९८०मध्ये उठलेल्या गदारोळानंतर अमेरिकेतली मानांकन देणारी संस्था, एमपीएए, या सिनेमांवर कात्री घेऊनच बसली. 'एक्स' (फक्त प्रौढांसाठी) मिळाला की बरीच वर्तमानपत्रं जाहिरात घेत नसत आणि थिएटरं दार लावून घेत. त्यामुळे निर्माते त्याहून सौम्य 'आर' मिळेपर्यंत कापत राहायचे. यात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो १९८१च्या 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'ने. थिएटरात गेलेली प्रत साधारण ९० मिनिटांची. २००९मध्ये कापलेल्या भागातली तीनेक मिनिटं परत जोडून डिस्क निघाली, ती ९३ मिनिटांच्या आसपास आहे. तीन मिनिटांनी काय होतंय, असं वाटेल. पण तीच तीन मिनिटं म्हणजे सिनेमातले जवळपास सगळे खून आहेत. कापलेल्या प्रतीत कुदळ उगारलेली दिसते आणि पुढच्या क्षणी कोणीतरी पडलेलं असतं. बघणारा म्हणतो, दिग्दर्शकाला जमलंच नाही.

आता मिनिटं मोजून प्रत ओळखायला गेलात तर एक सापळा आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या जुन्या 'पाल' या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ने चालवला जातो, म्हणजे चार टक्के जलद. ९३ मिनिटांचा अनकट सिनेमा पालवर ८९ मिनिटांत संपतो. वेष्टनावरचा आकडा वाचून 'ही कापलेली दिसते' म्हणून चांगली प्रत परत ठेवणारे असतात. म्हणून आकडा बघताना आधी पद्धत बघा: पालचा आकडा भागिले ०.९६ केला की खरी लांबी मिळते.

तरीही आकड्यापेक्षा खुणेचा प्रसंग जास्त खात्रीचा. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'मध्ये लॉन्ड्रीच्या ड्रायरचा प्रसंग लावा. ड्रायरमधलं प्रेत नीट दिसलं तर प्रत पूर्ण, नुसती झलक दाखवून कॅमेरा पळाला तर कापलेली. २००९च्या डिस्कवर अशा ठिकाणी चित्र अचानक फिकट आणि खरबरीत होतं. तो डिस्कचा बिघाड नाही. जोडलेला भाग वेगळ्या साठ्यातून आलाय, त्याची ती शिवण. 'द बर्निंग'मध्ये (१९८१) तराफ्यावर बागेतल्या मोठ्या कात्रीने बोटं छाटली जातात तो क्षण बघा. त्यात लांबीचा फरक सेकंदांचाच आहे, मिनिटं मोजून काही कळणार नाही. ब्रिटनमध्ये याची न कापलेली कॅसेट बाजारात गेली आणि सिनेमा थेट 'व्हिडिओ नॅस्टी'च्या, म्हणजे अश्लील म्हणून खटले भरायच्या कॅसेटींच्या, यादीत जाऊन बसला. 'इंट्रूडर'मध्ये (१९८९) सुपरमार्केटमधल्या मांस कापायच्या करवतीपर्यंत जा. अमेरिकेतल्या मूळ कॅसेटवर तो आणि बाकीचे खून इतके कापलेत की शिल्लक राहते ती रात्रपाळीच्या कामगारांची डॉक्युमेंटरी.

'ब्लड रेज'चं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. चित्रीकरण १९८३चं, प्रदर्शन १९८७मध्ये. 'नाइटमेअर अ‍ॅट शॅडो वूड्स' या नावाने थिएटरात गेलेल्या प्रतीत रक्त कमी, पण पोहण्याच्या तलावाचा एक प्रसंग जास्त. व्हिडिओच्या प्रतीत रक्त पूर्ण, तलाव गायब. २०१५च्या ब्लू-रे संचात दोन्ही आहेत आणि दोन्ही मिळून केलेली तिसरीही आहे. पहिल्यांदा बघताना व्हिडिओची घ्या. तिसरी पूर्ण असली तरी तलावाच्या प्रसंगाने वेग मोडतो.

स्ट्रीमिंगवर कोणती प्रत आहे हे सहसा लिहिलेलं नसतं, त्यामुळे तिथेही वरचीच खूण वापरा. आणि डिस्क मागवणार असाल तर विभागाचं (रीजनचं) अक्षर, म्हणजे ती कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालते ते, तपासल्याशिवाय पैसे भरू नका. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए', ब्रिटन 'बी' आणि भारत 'सी'. असले सिनेमे काढणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या डिस्क बऱ्याचदा 'ए' किंवा 'बी'ला बांधलेल्या असतात. न्यू जर्सीतल्या भावाने प्रेमाने पाठवलेली डिस्क पुण्यातल्या प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर फक्त सूचना येते. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला विभाग नसतो. त्या स्वरूपात सिनेमा निघाला असेल आणि प्लेअर असेल तर तीच घ्या.

टीव्हीवर तीन गोष्टी बंद करायच्या. पहिली मोशन स्मूदिंग, म्हणजे मधल्या चौकटी स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' शोधा. ही चालू असली की रबराचं डोकं रबराचंच दिसतं, कारण मेकअपवाल्यांनी सगळा हिशेब २४ चौकटींच्या धूसरपणावर बांधलेला असतो. दुसरी नॉइज रिडक्शन. जुन्या फिल्मचा दाणा तिला कचरा वाटतो. दाण्याबरोबर ती अंधारातले बारकावेही पुसते आणि चेहरे मेणाचे होतात. तिसरी डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-काळोखातला फरक आपोआप वाढवणारी सोय. या सिनेमांत निम्मी रात्र जंगलात जाते, आणि हिच्यामुळे जंगल म्हणजे काळा पडदा होतो. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, खोलीतले दिवे घालवा आणि ब्राइटनेस जेमतेम एवढाच वाढवा की काळ्या शर्टाची घडी दिसेल. त्याहून वाढवलात तर काळोख राखाडी होईल आणि खुनी लपायला जागा उरणार नाही.

चित्राचा आकार १.८५ला १ असा हवा, म्हणजे आजच्या टीव्हीवर वर-खाली केसभर पट्टी. चौकोनी, जुन्या टीव्हीसारखं चित्र आलं तर ती कॅसेटच्या काळातली प्रत: कधी बाजू छाटलेल्या, कधी उलट वर-खाली जास्त भाग उघडा, आणि मग चौकटीत माइकही डोकावतो. माइक दिसला म्हणून लगेच दिग्दर्शकाला नावं ठेवू नका, तो थिएटरात झाकलाच जाणार होता. आवाजासाठी मूळ मोनो ट्रॅक असेल तर तोच निवडा. नंतर केलेल्या ५.१ (अनेक स्पीकरांच्या) मिश्रणात संवाद एका पातळीवर आणि किंकाळ्या भलत्याच पातळीवर असतात, शेजारी दार वाजवतात. संगीतही तपासा. 'हॅपी बर्थडे टू मी'च्या २००४च्या डीव्हीडीवर मूळ संगीत बदललं होतं, २००९च्या डिस्कवर ते परत आलं. जुनी डीव्हीडी कुठे स्वस्तात मिळाली तरी नको.

आता काय बघायचं. एका रात्री दोनपेक्षा जास्त नाही. तिसऱ्याला सगळे खुनी एकसारखे दिसायला लागतात आणि जो तिसरा असतो त्याच्यावर उगाच अन्याय होतो.

सुरुवात 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'ने करा. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधलं सिडनी माइन्स गाव आणि तिथली खरी, बंद पडलेली कोळशाची खाण. मिथेनच्या धोक्यामुळे खाली दिवे जपून वापरावे लागले, आणि त्या तोकड्या उजेडात खाणकामगाराचा मास्क घातलेला खुनी जे काम करतो ते सेटवर जमलं नसतं. यातली माणसं कॉलेजातली पोरं नाहीत, खाणीतून दमून येणारी, बारमध्ये बसणारी, गावात काही होत नाही म्हणून कुरकुरणारी आहेत. म्हणून ती मरतात तेव्हा लागतं. शेवटच्या श्रेयनामावलीवर लोकगीताच्या चालीचं एक गाणं आहे, ते संपेपर्यंत उठू नका.

दुसरा 'टेरर ट्रेन' (१९८०). छायाचित्रण जॉन अल्कॉटचं, 'बॅरी लिंडन'साठी ऑस्कर मिळवलेल्या माणसाचं. खुनी मेलेल्याचा पोशाख चढवून पुढच्याकडे जातो, त्यामुळे डब्याच्या अरुंद बोळात समोरून येणारा कोण, हा प्रश्न कायम. तरुण डेव्हिड कॉपरफील्डचे जादूचे प्रयोग लांबतात, पण ते पुढे ढकलू नका.

'द प्राउलर'वर (१९८१) जरा थांबावं लागेल, कारण त्याच्यावरचा रटाळपणाचा आरोप खरा आहे आणि तरीही तो बघायलाच हवा. जोसेफ झिटोचं दिग्दर्शन, न्यू जर्सीतलं केप मे, आणि रक्ताचं काम टॉम सॅव्हिनीचं. सॅव्हिनी व्हिएतनाममध्ये लष्कराचा छायाचित्रकार होता, आणि इथलं काम त्याच्या उत्तम कामांत मोजलं जातं. संगीन डोक्यात वरून शिरते आणि जबड्याखालून बाहेर येते, तो प्रसंग चौकट थांबवून बघा. बहुतेक सिनेमे अशा ठिकाणी कापून पळतात. झिटो कॅमेरा तिथेच धरून ठेवतो, डोळे पांढरे होईपर्यंत. मधला भाग मात्र उपासमार. गावातला डेप्युटी आपल्या शेरीफला फोन लावतो, पलीकडचा माणूस शोधायला गेल्याचं नाटक करतो आणि आपण वाट बघत बसतो. चहा टाकायचा असेल तर हीच वेळ.

'कर्टन्स'ची (१९८३) गोष्ट चमत्कारिक. चित्रीकरण मध्येच बराच काळ थांबलं, दिग्दर्शक रिचर्ड ज्युप्काने नाव काढून घेतलं आणि पडद्यावर दिग्दर्शक म्हणून जोनाथन स्ट्रायकर हे नाव आलं, जे सिनेमातल्याच दिग्दर्शकाच्या पात्राचं आहे. दोन वेगळे सिनेमे एकमेकांना शिवल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच आहे. धागे जुळवायच्या नादी लागू नका. बर्फावरच्या स्केटिंगच्या प्रसंगासाठी बघा. भर दिवस, गोठलेलं तळं, कॅसेटवर गाणं लावून एकटीच स्केटिंग करणारी मुलगी. बर्फात एक बाहुली सापडते. मग दुरून म्हातारीचा सुरकुतलेला मुखवटा घातलेलं कोणीतरी, हातात विळा, स्केट्सवर घसरत तिच्याकडे येतं. काळोख नाही, लपायला झाड नाही, फक्त अंतर कमी होत जातं. आठ-दहा लोकप्रिय स्लॅशरांत मिळून इतका चांगला एक प्रसंग सापडणार नाही.

उरलेले भरभर. 'द स्लंबर पार्टी मॅसकर' (१९८२) ७७ मिनिटांचा. रिटा मे ब्राउनने विडंबन म्हणून लिहिला, एमी होल्डन जोन्सने दिग्दर्शित केला. खुनी कोण ते पहिल्यापासून उघड, त्यामुळे कोडं सोडवायला बसू नका. फ्रिजचं दार उघडतं, आत प्रेत, आणि उघडणारीचं लक्षच नाही. हा विनोद आहे, चूक नव्हे. 'जस्ट बिफोर डॉन' (१९८१) हेडफोन लावून बघा. संगीत ब्रॅड फीडेलचं, पुढे 'टर्मिनेटर' करणाऱ्याचं, आणि त्यातली शीळ खोलीत हवेत विरते. 'द फायनल टेरर'चं मूळ निगेटिव्ह हरवलंय, डिस्क थिएटरातल्या जुन्या प्रिंटांवरून बनवली, ओरखडे दिसणारच. 'प्रॉम नाइट'ने सुरुवात मात्र करू नका. पहिला तासभर काहीच घडत नाही, नंतर डिस्को, आणि तुम्ही या सगळ्या प्रकारालाच रामराम कराल.

मालिकांतले नावडते भाग बघताना अपेक्षा आधी सुधारून घ्या. 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेतल्या 'जेसन टेक्स मॅनहॅटन'मध्ये (१९८९) पहिला तासभर जहाजच आहे आणि न्यू यॉर्कच्या बऱ्याच गल्ल्या व्हँकुव्हरच्या. जहाजावरचा सिनेमा म्हणून बघितलात तर बरा जातो. 'सायलेंट नाइट, डेडली नाइट'च्या दुसऱ्या भागात (१९८७) पहिली चाळीसेक मिनिटं बहुतांश पहिल्याच भागाची शिळी दृश्यं आहेत. पहिला बघितला असेल तर सरळ चाळिसाव्या मिनिटावर जा, तिथून पुढे तो वेडेपणाचा कळस आहे.

बघून झाल्यावर मत लिहायचं असेल तर चार नोंदी पुरतात: कोणती प्रत, पहिला खून कितव्या मिनिटाला, जागा समजली का (खुनी कुठून आला आणि मुलगी कुठे पळाली हे कागदावर काढता येतंय का), आणि शेवटची वीस मिनिटं. तिसरी नोंद सगळ्यात बोलकी. वाईट स्लॅशरमध्ये घराचा नकाशाच नसतो, दरवाजे गरजेनुसार उगवतात. चांगल्यात खाणीचा बोगदा, रेल्वेचा बोळ, सुपरमार्केटची रांग तुम्हाला तोंडपाठ होते आणि भीती तिथून येते. 'हॅलोवीन'शी तुलना या चारांत नाही, मुद्दाम.

'स्लीपअवे कॅम्प' (१९८३) यादीत सगळ्यात शेवटी ठेवा आणि त्याबद्दल काहीही शोधू नका. शेवटची चौकट इंटरनेटवर चित्र म्हणून फिरते, नुसतं नाव टाकलं तरी समोर येते. अभिनय कच्चा आहे, मावशीचं पात्र भलत्याच नाटकातून आल्यासारखं बोलतं, कॅम्पवरच्या पोरांच्या शिव्या मात्र अस्सल. शेवटाला चित्र गोठतं आणि हळूहळू हिरवं होत जातं. तेव्हा रिमोटला हात लावू नका.