ओढून आणलेली वॉटर स्कूटर सुरू होत नाही? आधी बटनावरचं बोट काढा

पाण्यात बंद पडलेली वॉटर स्कूटर दुसऱ्या बोटीने ओढून काठावर आणली, बटन दाबलं, आणि 'ठक्' असा एकच आवाज येऊन सगळं थांबलं. अशा वेळी बहुतेक जण पुन्हा बटन दाबतात, मग बॅटरी उतरली असेल म्हणून दुसरी बॅटरी जोडून आणखी जोरात सेल्फ मारतात. कळकळीने सांगतो, असं करू नका. ओढताना सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते काढता येतं आणि वेळेवर काढलं तर इंजिन बहुधा वाचतं. पाणी आत असताना सेल्फ मारत राहिलात, तर मात्र पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि तो सगळा मार रॉड आणि स्टार्टरच्या गिअरवर बसतो.

बंद इंजिनात पाणी शिरतं कसं

वॉटर स्कूटरला थंड ठेवणारं पाणी जेट पंपातूनच येतं. इंपेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, फिरला की पंपात दाब तयार होतो, त्या दाबाने थोडं पाणी रबरी पाइपातून इंजिन आणि एक्झॉस्टकडे जातं आणि धुराबरोबर बाहेर फेकलं जातं. इंजिन बंद असताना स्कूटर वेगात ओढली, तरी तळाच्या तोंडातून पाणी पंपात घुसतं आणि त्याच पाइपातून पुढे सरकतं. आता त्याला बाहेर ढकलायला धूर नाही. आधी वॉटर बॉक्स, म्हणजे सायलेन्सर, भरतो. तो भरला की पाणी उलटं मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांकडे, आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरतं.

'माझ्या इंजिनाला कूलंट आहे, मला काय भीती' हा समज इथे घात करतो. सी-डू कंपनीच्या वॉटर स्कूटरमधल्या रोटॅक्स फोर-स्ट्रोक इंजिनांत कूलंटची बंद व्यवस्था आहे खरी, पण एक्झॉस्ट थंड करायला बाहेरचंच पाणी लागतं. पाणी शिरण्याची वाट तीच आहे.

म्हणूनच अनेक मॉडेलांच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याचा वेग ताशी 8 किलोमीटरच्या आसपास ठेवायला सांगितलेला असतो, झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त. त्याहून वेगाने ओढायचं असेल तर पंपाकडून येणारा पाण्याचा पाइप क्लॅम्पने चिमटून बंद करायचा. हा पाइप नेमका कुठे आहे ते संकटाच्या वेळी शोधत बसू नका. आजच सीट काढून बघा, त्यावर रंगीत टेप गुंडाळा आणि क्लॅम्प स्कूटरमध्येच ठेवा.

आवाजावरून ओळखा

बटन दाबल्यावर काहीच झालं नाही, तर सेफ्टी लॅनयार्ड (चालकाला बांधलेली, निघाली की इंजिन बंद करणारी दोरी) नीट बसलंय का, फ्यूज उडालाय का, हे पाहा. नुसतं टिकटिक वाजलं, तर संशय बॅटरीवर किंवा सैल टर्मिनलवर. भरलेली 12 व्होल्टची बॅटरी शांत असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन मोकळं फिरतंय पण पेट घेत नाही, तर स्पार्क प्लग ओले असतील किंवा पेट्रोल पोचत नसेल.

आणि 'ठक्' करून जागच्या जागी अडकलं, तर सिलिंडरमध्ये पाणी आहे असंच धरून चाला. याला एक अपवाद आहे. ओढण्याचा दोर किंवा पाणवेल इंपेलरमध्ये गुंडाळली गेली तरी असाच आवाज येतो. लॅनयार्ड काढून ठेवा, मगच तळाच्या जाळीत डोकावा.

पाणी काढताना होणाऱ्या चुका

स्कूटर पाण्याबाहेर काढा, पुढचं टोक थोडं वर ठेवा आणि मागचे ड्रेन प्लग उघडून पोटातलं पाणी जाऊ द्या. घाईत मागची बाजू उंच करणारे लोक असतात. तसं केलं की वॉटर बॉक्समधलं उरलेलं पाणी इंजिनाकडे वाहू शकतं. सीट काढून पोकळी हवेशीर होऊ द्या, आत पेट्रोलची वाफ साठलेली असू शकते.

मग सगळे स्पार्क प्लग काढा. एकच काढून पाहणं पुरेसं नाही, कारण पाणी कोणत्याही सिलिंडरमध्ये असू शकतं. आता सर्वांत धोक्याची चूक: प्लगच्या वायरी मोकळ्या लोंबत ठेवून सेल्फ मारणं. पेट्रोलच्या वाफेत एक ठिणगी पुरते. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये वायरी अर्थिंगच्या जागी बसवा, तसं न केल्यास इग्निशनचा बॉक्सही जळू शकतो. नव्या इंजिनांत कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा. अनेक इंजेक्शन मॉडेलांत थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारला की पेट्रोल बंद राहतं. तुमच्या पुस्तिकेत ही सोय दिली असेल तर जरूर वापरा.

प्लगच्या भोकांवर जाड फडकं टाका आणि तोंड बाजूला ठेवा, पाणी जोरात उडतं. पाच-पाच सेकंद सेल्फ, मध्ये स्टार्टरला विश्रांती. भोकांतून फवारा येणं थांबेपर्यंत हेच.

पुढची पायरी बरेच जण गाळतात: ऑइल बघणं. फोर-स्ट्रोकमध्ये डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी खाली पोचलंय, आणि त्या ऑइलवर इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंग घालवणं. ऑइल ओढून काढायचा पंप डिपस्टिकच्या नळीतून घालून जुनं काढा, नवं भरा, थोडं चालवा, पुन्हा बदला. रंग स्वच्छ येईपर्यंत थांबू नका, कितीही जिवावर आलं तरी. एअर फिल्टरच्या डब्यातही पाणी आहे का बघून घ्या.

खाऱ्या पाण्यात भिजलेल्या इंजिनाला उद्यावर ढकलू नका, गंज काही तासांतच धरायला लागतो. त्याच दिवशी सुरू करणं शक्य नसेल तर पाणी काढून सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल, म्हणजे गंज रोखणारं फवाऱ्याचं तेल, मारा आणि लगेच मेकॅनिक गाठा.

सुरू झाल्यावर

कोरडे किंवा नवे प्लग लावा. स्टार्ट करण्याआधी पाइपवरचा क्लॅम्प काढलाय ना, हे हात लावून खात्री करा. तो राहिला तर इंजिन आनंदाने सुरू होतं, पण एक्झॉस्टला पाणी मिळत नाही आणि रबरी नळ्या बघता बघता भाजतात.

नळाची नळी जोडून इंजिन आतून गोड्या पाण्याने धुताना क्रम उलटा करू नका: आधी इंजिन सुरू, मग नळ चालू, आणि थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलटं केलंत तर इतक्या मेहनतीने काढलेलं पाणी पुन्हा आत जाईल. जमिनीवर फार वेळही चालवू नका, पंपाच्या शाफ्टच्या सीलला नळाचं पाणी मिळत नसतं.

एवढं झालं तरी स्कूटर मुळात पाण्यात का बंद पडली, हे शोधायचं राहिलेलंच असतं. टाकी रिकामी, पेट्रोलचा कॉक बंद, काळे पडलेले प्लग, इनटेकमध्ये अडकलेली प्लास्टिकची पिशवी आणि त्यामुळे तापलेलं इंजिन, यांपैकी काहीही असू शकतं. ते कारण हाती लागेपर्यंत लांबच्या फेरीला निघू नका.