आउटर हेब्रिडीजला कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या या बेटांवर फोटो काढायला जायचं ठरलं की आपण आधी ठिकाणांची यादी करतो. हॅरिसमधला लस्केंटायरचा पांढरा किनारा, लुइसवरचे कॅलनिशचे उभे दगड, अगदी उत्तरेच्या टोकाचं लाल विटांचं दीपगृह, जमलंच तर दूर समुद्रातलं सेंट किल्डा बेट. मग यादीला दिवस वाटून देतो. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. लस्केंटायरच्या वाट्याला एक सकाळ आली होती. पोहोचलो तर ते प्रसिद्ध फिरोजी पाणी गायब, समोर नजर पोहोचेल तिथवर ओली वाळू आणि तिच्यातून वळणं घेत गेलेले दोन ओहोळ. पाणी परत आलं दुपारी. तोवर मी यादीतल्या पुढच्या ठिकाणी पोहोचलोही होतो.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच: भरती-ओहोटी न बघता बेत आखणं. लस्केंटायर, सेलेबोस्ट हे किनारे उथळ आहेत, त्यामुळे सहा तासांत तिथलं दृश्य ओळखू येणार नाही इतकं बदलतं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पण आपला हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे गणित आपल्या किनाऱ्याचं. त्याने पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते. हेब्रिडीजमध्ये त्याच तिथीला भरती सकाळी आणि संध्याकाळी, ढोबळमानाने सहा ते आठच्या दरम्यान असते आणि भर दुपारी ओहोटी. म्हणजे उन्हात चमकणारं भरलेलं पाणी हवं असेल तर अष्टमीच्या आसपास जा. त्या दिवसांत पाणी फार चढत नाही, पण रंगाला तेवढं पुरतं. वाळूवरची नक्षी आणि ओहोळांची वळणं हवी असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठा. अचूक वेळा भरतीच्या तक्त्यातूनच घ्या. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

दुसरी चूक हावरेपणाची. नकाशावर लुइस, हॅरिस, नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला, साउथ यूइस्ट आणि बॅरा ही नावं एका ओळीत दिसतात आणि वाटतं, आठवड्यात सगळं उरकू. लुइस आणि हॅरिस हे मुळात एकच बेट. पण त्याच्या उत्तर टोकापासून दक्षिणेच्या लेव्हरबर्ग बंदरापर्यंत अडीच-तीन तास सहज जातात, कारण अंतर बरंच आहे आणि दक्षिण हॅरिसमधला काही रस्ता एका वेळी एकच गाडी जाईल इतका अरुंद आहे. समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबायचं असतं. त्या जागा वाहनांना वाट देण्यासाठी आहेत. तिथे गाडी लावून फोटो काढायला उतरणारे पाहुणे गावकऱ्यांच्या डोक्यात जातात, आणि ते बरोबरच आहे. पाच-सहा दिवस असतील तर हॅरिस आणि लुइस एवढंच करा. एकाच किनाऱ्यावर चार वेळा गेलेल्या माणसाचे फोटो चार किनारे पाहिलेल्यापेक्षा चांगले असतात, असं माझं ठाम मत आहे.

बोटीचं म्हणाल, तर मुख्य भूमीवरच्या अलापूलहून लुइसवरच्या स्टोर्नोवेला पावणेतीन तासांच्या आत पोहोचता, स्काय बेटावरच्या उइगहून हॅरिसमधल्या टार्बर्टला पावणेदोन. पायी जाणाऱ्यांना सहसा जागा मिळते. उन्हाळ्यात गाडीसाठी मात्र आधीच आरक्षण करावं लागतं. गाडी भाड्याची असेल तर ती बोटीवर न्यायला परवानगी आहे का, हे घेतानाच विचारा. वारा वाढला की बोटी रद्द होतात. अशा वेळी दुसऱ्या बंदरातून निघणारी बोट शोधायची, नाहीतर आहे तिथे आणखी एक रात्र काढायची. हे दोन्ही करता यावं म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका, मुख्य भूमीवर या.

प्रकाशाचा अंदाजही आपला चुकतो. पुण्यात सूर्य बुडाला की अर्ध्या तासात अंधार पडतो. स्टोर्नोवे 58 अंश अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथे सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो, साडेचारच्या आत परत उगवतो आणि मधल्या काळात पुरता अंधार होतच नाही. आकाशगंगेचे फोटो डोक्यात असतील तर जून विसरा. सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही गाठायचे म्हटले तर झोपायचं कधी? डिसेंबरात उलट. दिवस जेमतेम साडेसहा तासांचा, पण सूर्य दुपारीही क्षितिजापासून फक्त आठेक अंश वर, त्यामुळे ढग फाटले तर दिवसभर तिरपं सोनेरी ऊन. मला विचाराल तर मे किंवा सप्टेंबरचा शेवट.

आता वारा. ट्रायपॉड हलू नये म्हणून त्याला बॅग टांगायचा सल्ला सगळे देतात. इथल्या वाऱ्यात ती बॅगच झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते. बॅग जमिनीला टेकेल अशी बांधा, मधला दांडा वर काढू नका, पाय फाकवून कॅमेरा कमरेखाली आणा. फोटो तरीही हलत असेल तर आयएसओ वाढवून शटरचा वेग वाढवा. लेन्सवर खारे तुषार बसतात. कोरड्या कापडाने घासलं तर ओरखडे पडतात, आधी ओलसर कापडाने टिपा. पांढऱ्या वाळूला कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. रात्री ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा.

वारा पडला म्हणून खूश होऊ नका. उन्हाळ्यात तेव्हाच मिज नावाच्या चिलटांचे थवे येतात. डोक्यावरून घ्यायची जाळी जवळ असू द्या.

रविवारी लुइस-हॅरिसमध्ये बहुतेक दुकानं आणि पेट्रोल पंप बंद असतात, धर्मपरंपरा म्हणून. शनिवारी टाकी भरा, शिधा घ्या. किनाऱ्यालगतच्या फुलांच्या कुरणाला तिथे माखर म्हणतात, त्यावर गाडी घालू नका. स्कॉटलंडमध्ये रानावनात फिरायचा हक्क कायद्याने आहे, पण तो गाडीला लागू नाही. आणि शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो.

राहता राहिलं सेंट किल्डा. 1930 साली उरलेले 36 रहिवासी बेट सोडून गेले. आज तिथे रिकामी दगडी घरं, उंच कडे आणि पक्ष्यांचे प्रचंड थवे आहेत. हॅरिस आणि स्कायहून उन्हाळ्यात दिवसभराच्या फेऱ्या निघतात, पण उघड्या समुद्रात तासन्‌तास जायचं असल्याने हवामान बिघडलं की फेरी पुढे ढकलली जाते. लोक ती सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवतात. पहिल्या-दुसऱ्या दिवसाची जागा घ्या, म्हणजे ढकलायला पुढे दिवस उरतात. नाहीच निघाली तर त्या करड्या उजेडात हॅरिसच्या किनाऱ्यावरचे ‘नाइस’ (gneiss) जातीचे खडक बघा. काही अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि ओले झाले की त्यांचे रंग उन्हापेक्षा ढगाळ हवेतच खुलतात.