टर्बो डिझेल रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करताय? आधी ईजीटी (एक्झॉस्ट गॅसचं तापमान) गेज बसवा

डिझेलमध्ये पॉवर वाढवणं म्हणजे जास्त डिझेल टाकणं, पण तेवढी हवा नसेल तर ते अर्धवट जळतं आणि मागून काळा धूर. साधारण 18:1 च्या खाली एअर-फ्युएल रेशो (हवा आणि डिझेलचं वजनाचं प्रमाण) गेला की धूर दिसायला लागतो, म्हणून ट्यूनरला आधी विचारा, स्मोक लिमिटर मॅपला (हवेच्या मानाने डिझेलवर मर्यादा ठेवणारं सेटिंग) हात लावलाय का? लावला असेल तर लॉग (गाडी चालताना नोंदलेले आकडे) बघायला मागा, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढायच्या आधीच डिझेल वाढतंय का ते त्यात लगेच कळतं.

धुरापेक्षा मला उष्णतेची जास्त भीती वाटते. ईजीटीचा प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर) टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच (इंजिनातून धूर गोळा करणारा पाइप) लावा, टर्बोनंतर लावला तर आकडा बराच कमी येतो आणि आपण उगाच निवांत. लांब चढावर, गाडीत लोड असताना 700-720 डिग्री सेल्सियसच्या वर सतत राहत असेल तर डिझेल कमी करा किंवा गिअर खाली घ्या. इंजेक्शन टायमिंग फार लेट असलं तरी ईजीटी चढतं, पण नुसतं अॅडव्हान्स (टायमिंग आधी घेणं) करत सुटलात तर सिलिंडर प्रेशर वाढतं, मग हेड गॅस्केटची (इंजिनचं हेड आणि ब्लॉकमधलं सील) वाट लागते. आणि हो, इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारा) होस आधी चेक करा, एखादा क्लिप ढिला असला की सगळं ट्यूनिंग फुकट.