निर्णय त्याचा की आजाराचा, हे कसं ओळखायचं

घरात कुणाला डिप्रेशन किंवा बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होणारा आजार) असलं की एक प्रश्न रोज छळतो, हा आत्ता जे म्हणतोय ते त्याचं स्वतःचं की आजार बोलतोय? तत्त्वज्ञानात यावर केवढं तरी काम झालंय आणि ते घरात उपयोगी पडतं म्हणून लिहितेय. (जिवाला धोका वाटत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, लगेच मदत बोलवा.)

पहिलं म्हणजे निर्णय आपल्याला पटला नाही म्हणून माणसाला निर्णयच घेता येत नाही असं होत नाही, इंग्लंडच्या २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टमधे (निर्णय घेण्याच्या क्षमतेबद्दलचा कायदा) हे स्पष्ट लिहिलंय. फक्त आज, या एका गोष्टीपुरतं बघा, की माहिती समजली का, ती आपल्याला लागू आहे हे पटतंय का, पर्याय तोलता येतायत का, काय हवं ते सांगता येतंय का. खरी गोम "पटतंय का" मधे असते, गोळ्यांची माहिती घडाघडा सांगेल आणि वर म्हणेल मला तर काही झालंच नाहीये.

मग हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ मधे मांडलेली गोष्ट वापरा. व्यसन लागलेल्या एखाद्याला दारू हवी असते पण ती ओढच नको असते, म्हणजे इच्छेबद्दलही इच्छा असते. म्हणून "तुला हे हवंय का" एवढ्यावर थांबू नका, "असं हवंसं वाटणं तुला आवडतंय का" असं शांतपणे विचारा, आणि दोनचार दिवसांनी परत विचारा. ॲनोरेक्सियात (बारीक होण्यासाठी खाणंच टाळण्याचा आजार) मात्र हेही अपुरं पडतं, कारण बारीक राहणं हेच मूल्य होऊन बसतं. तिथे आजाराआधी त्या व्यक्तीला काय महत्त्वाचं वाटायचं ते आठवून तिच्याशी बोला.

आणि प्लीज, आळशी, स्वार्थी हे शब्द जपून वापरा. ॲरिस्टॉटलनेसुद्धा केस उपटणं, नखं कुरतडणं, माती खाणं अशा आजारातून किंवा सवयीतून आलेल्या गोष्टी दुर्गुणाच्या हद्दीबाहेर ठेवल्या होत्या. पण बरं असताना तो मुद्दाम लागेल असं बोलला तर तसं सांगा, सगळंच आजारावर ढकललं तर त्याचं माणूसपणच काढून घेतल्यासारखं होतं.

शेवटचं काम चांगल्या दिवसांत करायचं. आजाराचा पुढचा एपिसोड (आजार परत उसळण्याचा काळ) आला तर कुणाला फोन करायचा, कुठलं औषध नको, पैसे कुणी सांभाळायचे, हे त्याच्याच अक्षरात लिहून घ्या आणि एक कॉपी डॉक्टरांकडे द्या.