दोन संगणकांवरील कोड आणि फायली पेनड्राइव्हने एकसारख्या ठेवणे

आठवडाभर जळगावच्या कार्यालयातील डेस्कटॉपवर काम करून शनिवारी रावेर, यावल किंवा चोपड्याकडच्या गावी तेच काम लॅपटॉपवर पुढे नेणाऱ्यांसाठी ही पद्धत आहे. उदाहरणादाखल केळी खरेदीचा हिशेब ठेवणारा एखादा प्रोग्राम घेऊ. त्यात कोड आहे, आणि त्याखेरीज काटापट्ट्यांच्या (वजनाच्या पावत्यांच्या) स्कॅन केलेल्या प्रती व गाडी भरतानाचे फोटो अशा जड फायलीही आहेत. कोड दोन्ही ठिकाणी बदलतो आणि त्याचा इतिहास जपावा लागतो. फोटो मात्र बदलत नाहीत, त्यांची संख्या तेवढी वाढत जाते. म्हणून कोडसाठी गिट (बदलांचा इतिहास जपणारा प्रोग्राम) आणि जड फायलींसाठी आरसिंक (एका फोल्डरप्रमाणे दुसरा करणारा प्रोग्राम), अशी विभागणी आधीच करावी. (पुढील आज्ञा वाचनासाठी देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत लिहाव्यात.)

लिनस टॉरवॉल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी लिहिलेल्या गिटमध्ये प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे प्रतीत, सहसा संपूर्ण इतिहास असतो, त्यामुळे त्याला इंटरनेट अनिवार्य नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात वीज गेल्यावर नेटही गेले, तरी पेनड्राइव्हला मधली रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याची जागा) करून काम निभते. पेनड्राइव्हवर ‘गिट इनिट --बेअर -बी मेन हिशेब.गिट’ ही आज्ञा द्यावी. येथे ‘बेअर’ (कामाच्या फायली न मांडता केवळ इतिहास ठेवणारी रेपॉझिटरी) महत्त्वाचे आहे, कारण साध्या रेपॉझिटरीत जी ब्रँच (कामाची शाखा) उघडलेली असते तिच्यावर बाहेरून पुश करण्यास, म्हणजे बदल पाठवण्यास, गिट मुळातच नकार देते. त्यानंतर डेस्कटॉपवर ‘गिट रिमोट ॲड पेन’ या आज्ञेपुढे त्या फोल्डरचा पत्ता देऊन ‘गिट पुश पेन मेन’ करावे, आणि लॅपटॉपवर ‘गिट क्लोन -ओ पेन’ वापरून प्रत घ्यावी, म्हणजे दोन्हीकडे रिमोटचे (ज्या रेपॉझिटरीशी देवाणघेवाण होते तिचे) नाव एकच राहील.

पेनड्राइव्ह फॅट32 किंवा एक्सफॅट या फाइल-व्यवस्थेत फॉरमॅट केलेला असेल, तर मालकी संशयास्पद असल्याची तक्रार करून गिट अडून बसण्याची शक्यता असते. ही तपासणी 2022 मधील 2.35.2 या आवृत्तीपासून आली. अशा वेळी ग्लोबल कॉन्फिगमधील (गिटच्या त्या वापरकर्त्यापुरत्या सेटिंगमधील) ‘सेफ.डिरेक्टरी’मध्ये तेवढ्या एकाच फोल्डरचा पत्ता नोंदवावा. सरसकट सर्व फोल्डरांना मुभा देणारी तारांकित नोंद टाळलेली बरी.

रोजचा क्रम सोपा आहे: बसताना पुल (बदल आणणे), उठताना कमिट (बदल इतिहासात नोंदवणे) आणि पुश. पुल करताना ‘--एफएफ-ओन्ली’ जोडावे. त्याने नकार दिला, तर दोन्हीकडे वेगवेगळे बदल झाले आहेत असे समजावे आणि ते बदल पाहून मगच ‘--रीबेस’ (आपले कमिट आलेल्या बदलांच्या पुढे पुन्हा रचणे) वापरावे. अर्धवट राहिलेले काम स्टॅशमध्ये (गिटच्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवून निघू नये, कारण साध्या पुशबरोबर स्टॅश जात नाही. त्याऐवजी वेगळी ब्रँच करून कमिट करावे आणि तीच ब्रँच पुश करावी. एकीकडे विंडोज आणि दुसरीकडे लिनक्स असेल, तर ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘टेक्स्ट=ऑटो’ ही ओळ सुरुवातीला तारांकन देऊन घालावी, अन्यथा ओळींच्या शेवटांतील फरकामुळे न बदललेल्या फायलीही बदललेल्या दिसू लागतात.

फोटोंच्या बाबतीत एक बाजू मूळ आणि दुसरी प्रत, हे ठरवल्याशिवाय आरसिंकला हात लावू नये. विशेषतः ‘--डिलीट’ दिल्यास मूळ बाजूला नसलेली प्रत्येक फाइल प्रतीतून पुसली जाते. म्हणून प्रथम ‘-एन’ लावून काय होणार आहे याची यादी वाचावी आणि नंतर तो पर्याय काढून आज्ञा पुन्हा द्यावी. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ असल्यास केवळ आतील मजकूर जातो, नसल्यास फोल्डरच गंतव्यस्थानी तयार होतो. नवख्यांचा बहुतेक गोंधळ येथेच होतो. फॅट32 वर वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवली जाते, त्यामुळे ‘--मॉडिफाय-विंडो=1’ न दिल्यास त्याच फायली पुन्हा पुन्हा कॉपी होतात. तेथे परवानग्याही टिकत नाहीत, म्हणून परवानग्या आणि मालकीही जपू पाहणाऱ्या ‘-ए’ऐवजी ‘-आरटीव्ही’ पुरेसे होते. विंडोजवर याच कामासाठी रोबोकॉपी ही आज्ञा आहे. त्याचा ‘/मिर’ पर्यायही असाच पुसतो, आणि ‘/एल’ने आधी यादी पाहता येते.

हिशेबाची डेटाबेस फाइल मात्र प्रोग्राम बंद केल्यावरच कॉपी करावी. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आणि पासवर्ड असलेल्या फायली पहिल्या कमिटपूर्वीच ‘.गिटइग्नोर’मध्ये (गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत) घालाव्यात, कारण नंतर फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते आणि पेनड्राइव्ह बसमध्ये विसरला, तर ज्याच्या हाती पडेल त्याला ती वाचता येते.